गांजाच्या अर्काचा स्प्रे, एमएसच्या कडक पायांसाठी: सात महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. ज्यांना पुढचं सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की रात्रीचे झटके आणि पायांचा कडकपणा कमी होतो, चालण्यात मोठा फरक नाही, मूळ आजार तसूभरही हलत नाही, आणि चार आठवड्यांत गुण आला नाही तर पुढे रेटण्यात अर्थ नाही. बाकीच्यांनी जरा टेकून बसा, मला पाल्हाळ लावायची सवय आहे.

मला एमएस होऊन अकरा वर्षं झाली. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते, वायरीवरचं रबर उंदराने खाल्ल्यासारखं (हे उदाहरण मला इतक्या डॉक्टरांनी दिलंय की आता त्या उंदराचा चेहराही ओळखीचा झालाय). पहिली काही वर्षं अटॅक यायचा आणि जायचा, कधी डोळा, कधी हात, कधी नुसत्या मुंग्या. गेली चार वर्षं मात्र मुक्काम पायात आहे आणि त्या पाहुण्याचं नाव स्पास्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा कडकपणा.

लोकांना वाटतं एमएस म्हणजे पाय लुळे पडणं. माझं उलटं. मेंदूकडून स्नायूला आवळायचाही निरोप जातो आणि सोडायचाही, आणि मायलिन गेलेल्या वाटेवरून तो सोडायचा निरोप नीट पोचतच नाही, मग स्नायू आपला आवळून बसतो तो बसतो. रात्री आडवं झालं की दहा मिनिटांत उजवा गुडघा आपोआप छातीकडे यायला बघतो, नाहीतर दोन्ही पाय ओंडक्यासारखे ताणले जातात आणि मांड्या एकमेकींना अशा चिकटतात की मध्ये हात घालून सोडवाव्या लागतात. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडला, चवडा जमिनीला टेकला, की टाच शिलाई मशीनसारखी धडधडायला लागते, क्लोनस म्हणतात त्याला, गुडघ्यावर दोन्ही हातांनी भार दिला की थांबते. पांघरूण अंगावर टिकायचंच नाही. नवऱ्याला इतक्या लाथा बसल्या की शेवटी त्याने शेजारी खाली गादी टाकली, "अगं रागावून नाही चाललो, पोटरी काळीनिळी झालीय माझी" असं म्हणत.

गोळ्यांची परेड झालेली होती. बॅक्लोफेन वाढवलं की पाय सैल, पण पायांबरोबर अख्खं अंग सैल, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान पडायची. टिझॅनिडीनने तोंड कोरडं ठाक आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी. गॅबापेंटिनने डोकं जड. बोटॉक्सची इंजेक्शनं एखाद्या स्नायूला ठीक आहेत, अख्ख्या दोन पायांना कुठे पुरणार. पोटात पंप बसवून मणक्यात थेट बॅक्लोफेन सोडतात तोही पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता, त्याला अजून माझं मन होत नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. गांजाच्या झाडातून काढलेलं सीबीडी तेल ऑनलाइन मागवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, लायकी नाही एवढंच लिहिते. बाटलीवर लिहिलेलं की टीएचसी शून्य, म्हणजे नशा आणणारा भाग अजिबात नाही, फक्त शांत करणारा सीबीडी. पहिली बाटली संपेपर्यंत काहीही झालं नाही, ना चांगलं ना वाईट. दुसऱ्या बाटलीचे तेवढेच थेंब घेतले आणि तासाभराने समोरची भिंत हळूहळू माझ्याकडे चालत यायला लागली. म्हणजे तीच कंपनी, तेच लेबल, तेवढेच थेंब, आणि आत काय होतं देव जाणे. दुकानाला मेल केला तर उत्तर आलं की "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं". बरं बाबा. नंतर वाचलं की २०१७ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी छापून आली होती, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी वस्तू प्रयोगशाळेत तपासल्या तर लेबलाप्रमाणे माल जेमतेम ३१ टक्क्यांत निघाला, आणि ८४ पैकी १८ मध्ये टीएचसी सापडलं. म्हणजे माझी भिंत काही एकटी चालत नव्हती. त्या तेलाला शून्य स्टार, आणि हा रिव्ह्यू त्याचा नाहीच आहे, पण ते सांगितल्याशिवाय स्प्रेची किंमत कळणार नाही. गांजा हा शब्द कॉमन असला तरी ही दोन पूर्ण वेगळी दुकानं आहेत.

न्यूरोलॉजिस्टसमोर शेवटी कबूल केलं. ओरडा अपेक्षित होता, तो मिळाला, पण त्यानंतर ते म्हणाले, "तुम्हाला हेच बघायचं असेल तर मोजून मापून केलेलं बघूया ना, बाटलीत काय आहे ते माहीत असलेलं."

तर तो हा स्प्रे. औषधाचं नाव नॅबिक्सिमॉल्स, ब्रँडचं नाव सॅटिव्हेक्स. ब्रिटनमधल्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्सने बनवला, ही कंपनी १९९८ मध्ये जेफ्री गाय आणि ब्रायन व्हिटल यांनी सुरू केली आणि २०२१ मध्ये जॅझ फार्मास्युटिकल्सने विकत घेतली. गांजाच्या झाडांचा अर्क, पण झाडं कुठल्या तरी शेतातली नाहीत, ठरावीक जातींच्या कलमांपासून काचघरात वाढवलेली, म्हणजे प्रत्येक बाटलीत तेच उतरावं. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी, जवळजवळ निम्मंनिम्मं. बाकी अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि चवीला पेपरमिंट तेल. कॅनडात २००५ मध्ये एमएसच्या नसांच्या दुखण्यासाठी अटींवर मंजुरी मिळाली, ब्रिटनमध्ये २०१० मध्ये स्पास्टिसिटीसाठी. आणि हे पहिलं औषध नाही बरं का, आधीच्या गोळ्यांनी भागत नसेल तर त्यांच्या जोडीला द्यायचं औषध आहे. माझं बॅक्लोफेन अजून चालू आहे, फक्त डोस कमी झालाय.

वापरायची पद्धत लिहिते कारण खरी गंमत तिथेच आहे. बाटली हलवायची, नवीन असेल तर पहिले दोनतीन फवारे टिशूत मारून वाया घालवायचे, मग जिभेखाली किंवा गालाच्या आतल्या बाजूला एक फवारा. घशाकडे नाही, नाकात तर नाहीच. दोन फवाऱ्यांत निदान १५ मिनिटं जाऊ द्यायची. पहिल्या दिवशी फक्त संध्याकाळी एक, दुसऱ्या दिवशी पण एक, तिसऱ्या चौथ्याला दोन दोन, पाचव्या दिवसापासून सकाळी एक सुरू, असं करत करत दोन आठवड्यांचा चढता तक्ता आहे आणि दिवसाला १२ ही शेवटची मर्यादा. ती गाठलीच पाहिजे असं नाही, जिथे पाय ऐकायला लागतात तिथे थांबायचं. ट्रायल्समध्ये, म्हणजे पेशंटवरच्या चाचण्यांत, लोक मधोमध दिवसाला आठच्या आसपास स्थिरावलेले, मी सहावर आहे, सकाळी एक आणि संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंत पाच.

आता म्हणाल पाच फवारे, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे तास गेला. हो, गेला. मी मोबाईलवर अलार्म लावून बसते, घरातले त्याला "आईची आरती" म्हणतात.

चव. ज्यांनी लिहिलंय की "मिंटसारखी लागते" त्यांनी बहुतेक नुसती पेटी वाचलीय. आधी पुदिना, त्याच्या पाठोपाठ झणझणीत अल्कोहोल, आणि मग मागून ओल्या गवताचा कडवट वास जो अर्धा तास हिरड्यांत बसून राहतो. पहिल्या आठवड्यात मी सवयीने प्रत्येक फवारा जिभेखाली डावीकडेच मारला (उजव्या हाताने बाटली धरली की तेच सोपं पडतं) आणि तिथे पांढुरका चट्टा पडून पाणी प्यायलं तरी चरचरायचं. चूक माझी, पत्रकात स्वच्छ लिहिलंय की जागा बदलत राहा. आता क्रम ठरवलाय, डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली डावीकडे, उजवीकडे, आणि दर काही दिवसांनी आरशात तोंडाची आतली बाजू बघते. तोंड आलेलं असेल किंवा सोललेलं असेल तर त्या जागेवर मारायचंच नाही.

नशा होते का? हा प्रश्न मला फॅमिलीतल्या अशा अशा लोकांनी हळू आवाजात विचारलाय की काय सांगू. माझं उत्तर असं, की मजा येईल अशी काही होत नाही, पण डोकं हलतं. पहिल्या दोन आठवड्यांत उठून उभं राहिलं की बोटीत बसल्यासारखं व्हायचं आणि दिवसभर एक थकवा. चक्कर आणि थकवा ही याची सगळ्यात जास्त दिसणारी दोन लक्षणं आहेत आणि ती बहुतेक करून सुरुवातीच्या दिवसांतच येतात, डोस सावकाश चढवला तर कमी येतात. माझी तिसऱ्या आठवड्यात बरीच ओसरली. शब्द शोधावा लागणं मात्र अजून आहे, परवा मला "चिमटा" आठवेना, हाताने करून दाखवलं. एमएसमध्ये हे एरवीही होतं, त्यामुळे कुणाच्या खात्यावर टाकायचं कळत नाही.

आता परिणाम. सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी वही करायला लावली होती, रोज झोपताना शून्य ते दहा एक आकडा लिहायचा, शून्य म्हणजे काहीच कडकपणा नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आधीच्या आठवड्यात माझे आकडे सात, आठ, आठ, सात असे. चौथ्या आठवड्यात पाच, पाच, चार, सहा. नियम असा आहे की चार आठवड्यांत निदान २० टक्के उतार दिसला तरच पुढे चालू ठेवायचं, कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने नोव्हेंबर २०१९ च्या सूचनांत हीच पट्टी लावलीय (गंमत म्हणजे त्याच नाइसने २०१४ मध्ये हा स्प्रे देऊ नका म्हटलं होतं, खर्चाच्या मानाने परवडत नाही म्हणून). मी पास झाले. वहीपेक्षा मोठा पुरावा म्हणजे पांघरूण, सकाळी अंगावरच होतं.

पण इथे एक गोची आहे आणि ती मला फार इंटरेस्टिंग वाटली. चौथ्या आठवड्याला डॉक्टरांनी माझा पाय हातात घेऊन वाकवून बघितला, आधीसारखाच, अॅशवर्थ स्केल म्हणतात त्याला, स्नायू किती विरोध करतो ते हाताने जोखायचं. आणि म्हणाले, "मला तर तेवढाच लागतोय." मी म्हटलं, अहो पण मी झोपले ना काल! खोलीत मी खोटी पडते की काय असं झालं. नंतर कळलं की हे भांडण माझ्या आधीचं आहे. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कॅम्स नावाची ट्रायल आली होती, ६०० च्या वर पेशंट, १५ आठवडे, गांजाच्या अर्काच्या किंवा टीएचसीच्या कॅप्सूल. अॅशवर्थवर फरक शून्य. आणि पेशंटना विचारलं तर स्पास्टिसिटी सुधारली म्हणणारे औषधवाल्यांत साधारण ६० टक्के, खोट्या कॅप्सूलवाल्यांत ४६. आता यात दोन्ही बाजू आहेत. एक म्हणजे डोकं हलतं तेव्हा आपल्याला खरं औषध मिळालंय हे बऱ्याच जणांना कळलं असणार, मग बरं वाटणारच. दुसरी, दुपारी अडीच वाजता टेबलावर सैल पडलेला पाय वाकवून रात्री दोनला तो काय करतो ते कसं कळणार? मी दुसऱ्या बाजूची आहे, अर्थात मी पार्टीच आहे म्हणा.

नंतरच्या ट्रायल्सनी मग पेशंटच्या आकड्यालाच धरलं. २०११ मध्ये आलेली एक मोठी ट्रायल आहे स्प्रेची, तिची रचना मला आवडली. ५७२ जणांना आधी चार आठवडे सरसकट स्प्रे दिला, त्यातल्या २७२ जणांना २० टक्के किंवा जास्त फरक पडला, आणि पुढे त्यांच्यापैकी २४१ जणांना चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरा आणि निम्म्यांना नकली दिला, १२ आठवडे. खऱ्यावाल्यांचं बरंपण टिकलं, नकलीवाल्यांचं घसरलं. पण माझं लक्ष पहिल्या आकड्यावर जातं, निम्म्याहून जास्त लोकांना चार आठवड्यांत तेवढाही फरक पडला नाही. म्हणजे हा स्प्रे तुमच्या ओळखीच्या कुणाला लागू पडला म्हणून तुम्हाला पडेल हे नाणं उडवण्यासारखं आहे. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे झालेल्या ट्रायल्स एकत्र करून तपासणारी संस्था) २५ ट्रायल्स आणि साडेतीन हजारांवर पेशंट एकत्र करून निष्कर्ष साधारण असाच आहे, स्पास्टिसिटी कमी झाली म्हणणाऱ्यांची संख्या स्प्रेने वाढते असं दिसतं. झेंडे लावण्यासारखं नाही, पण पायांना कळण्यासारखं आहे.

आता माझा अपघात, ज्याचा मी एक अख्खा स्टार कापलाय. कापायचा तो स्वतःचाच खरं तर. नवव्या दिवशी तक्त्याप्रमाणे सकाळी दोन फवारे होते. मी पंधरा मिनिटांचं अंतर न ठेवता लागोपाठ मारले आणि वर तिसरा मारला, कारण आदल्या रात्री मस्त झोप लागली होती आणि म्हटलं चला आज दिवस पण मस्त करू. वॉकर घेऊन बाथरूमकडे निघाले, दारात वळताना उजवा गुडघा दुमडला, कडक होऊन अडला वगैरे नाही, चक्क कापडासारखा घडी पडला. खाली बसले म्हणायचं, पण बसायची इच्छा नव्हती. कोपर सोलवटलं, बाकी वाचले.

फिजिओवाल्या ताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग काय होणार? तुमच्या मांडीत ताकद आहे कुठे, इतके दिवस तो कडकपणाच तुम्हाला उभं धरत होता." हे मला कुणी आधी का नाही सांगितलं! चार वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच जिवावर मी उभी होते. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं असली गत. मग त्यांनीच बसून हिशेब मांडला, दिवसा उभं राहायला, वॉकरने चालायला थोडा ताठा हवाय, रात्री अजिबात नकोय, म्हणून सकाळी एकच आणि सगळा भर संध्याकाळी, आणि मांडीचे व्यायाम वाढवले. माझ्या मते या स्प्रेचं सगळ्यात महत्त्वाचं पान हे आहे. जे चालतात त्यांनी फिजिओला विश्वासात घेतल्याशिवाय दिवसाचा डोस चढवू नका. जे व्हीलचेअरवर आहेत त्यांचं गणित वेगळं असेल, त्यांना कपडे घालताना, पाय लांब करताना, पाठीवर झोपवताना सैलपणा सरळ उपयोगी.

हे काम कसं करतं ते थोडक्यात, कारण यातला एक तुकडा ऐकून मला भारी वाटलं. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं काढून त्याची रचना सांगितली. पण ते शरीरात बसतं कुठे, ते कुलूप सापडायला १९८८ उजाडलं, सीबी१ रिसेप्टर. आणि कुलूप आहे म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असणार, ती १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली आणि तिचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या "आनंद" वरून, संस्कृतातून उचललेलं. तर नसेच्या टोकाशी हे सीबी१ बसलेले असतात, समोरच्या पेशीवर निरोपांचा फार मारा झाला की ती आनंदामाइडसारखं काहीतरी उलट्या दिशेने पाठवते, बाबा जरा हळू, असं सांगायला. टीएचसी तेच काम बाहेरून येऊन करतं. २००० साली नेचर या विज्ञान नियतकालिकात उंदरांवरचा प्रयोग आला होता, एमएससारखा आजार केलेल्या उंदरांत असे पदार्थ दिल्यावर कंप आणि ताठरपणा उतरला, आणि उलट हे रिसेप्टर औषधाने अडवले तर वाढला. म्हणजे शरीर स्वतःहून काहीतरी ब्रेक लावत होतंच.

(वायरीचं रबर खाणारे उंदीर आणि हे उंदीर, माझ्या आजारात उंदीर फार झाले.)

पण उंदरांवरून माणसांवर येताना दोन गोष्टी गळाल्या. एक म्हणजे कंप. हात थरथरतात म्हणून कुणी हा स्प्रे घ्यायचा विचार करत असेल तर अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१४ च्या मार्गदर्शनात तिथे उपयोग होत नसावा असंच म्हटलंय, आणि माझ्या डाव्या हाताचंही तेच मत आहे. दुसरी जास्त दुखरी गोष्ट, आजाराचा वेग. प्रयोगशाळेत या पदार्थांनी नसा वाचतात असं दिसत होतं म्हणून क्युपिड नावाची ट्रायल केली, जवळपास ५०० पेशंट, वाढत जाणारा एमएस, तीन वर्षं टीएचसीच्या कॅप्सूल. २०१३ मध्ये निकाल आला, आजार त्याच वेगाने पुढे गेला. तीन वर्षं म्हणजे थोडी नाहीत. तेव्हा "गांजाने एमएस बरा होतो" असं सांगणारा जो कुणी दादा व्हिडिओत भेटतो त्याला नमस्कार करून पुढे जा, आणि एमएसची मूळ औषधं, इंजेक्शनं, इन्फ्युजन जे काही चालू असेल ते याच्यापायी अजिबात सोडू नका.

ओढायचा गांजा? मला विचारणारे आहेत. २०१२ मध्ये ३० पेशंटची एक छोटी ट्रायल झालीय, त्यात ओढून कडकपणा कमी झाला होता, पण त्याच बरोबर लक्ष देणं, आकडे जोडणं यात घसरण दिसली. आणि २०१९ मध्ये टोरांटोच्या अँथनी फाइनस्टाइन यांच्या टीमने नियमित गांजा घेणारे ४० एमएस पेशंट घेतले, निम्म्यांना २८ दिवस बंद करायला लावलं, बंद करणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग सुधारला. आमचा मेंदू आधीच उधारीवर चाललाय, त्यात हा खर्च कशाला. स्प्रेचा डोस लहान आणि मोजलेला असतो, तरी मी दर तीन महिन्यांनी फिजिओकडेच मेमरीची छोटी टेस्ट करून घेते. चिमटा प्रकरणानंतर तर नक्कीच.

कोणी घेऊ नये हे डॉक्टर सांगतीलच पण तरी, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा तसला मानसिक आजार असेल तर नाही, अंगावर पाजत असाल तर नाही, आणि बाई असो की पुरुष, वापरताना आणि बंद केल्यावर तीन महिने मूल राहू द्यायचं नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारू जोडीला असेल तर गुंगी आणि पडायची भीती दोन्ही वाढतात. रिफॅम्पिसिन (टीबीचं), कार्बामाझेपिन (फिट्सचं) अशी काही औषधं याचा असर कमी करतात, यादी दाखवून घ्या. गाडी मी एरवीही चालवत नाही, पण चालवणाऱ्यांनी डोस स्थिर होईपर्यंत चावी दुसऱ्याला द्यावी, आणि नोकरीत ड्रगटेस्ट असेल तर त्यात टीएचसी सापडतं हे लक्षात ठेवा. देशाबाहेर जाताना आधी तिथला कायदा बघा, काही ठिकाणी डॉक्टरचं पत्र पुरतं आणि काही ठिकाणी ते पत्र दाखवून पण आत बसवतील.

बारीकसारीक. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, उघडलेली बाहेर चालते पण २५ डिग्रीच्या वर नाही आणि उभीच ठेवायची. मोठ्या बाटलीत ९० फवारे असतात आणि उघडल्यापासून ४२ दिवसांत संपवायची, मी उघडल्याची तारीख मार्करने वर लिहिते. सहाच्या हिशेबाने माझी पंधरा दिवसांत जाते, त्यामुळे प्रश्न येत नाही, पण दिवसाला एकदोनच मारणाऱ्यांची उरते. जेवणाआधी घ्यायचं की नंतर ते एकदा ठरवा आणि मग बदलू नका, पोट भरलेलं असेल तर औषध जास्त शोषलं जातं, मी एकदा उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी जेवून घेतलं होतं तर दोन वेगळी औषधं घेतल्यासारखं झालं. बोटं कमजोर असतील तर पंप दाबायला अंगठा नाही, तर्जनी वापरा, बाटली टेबलावर टेकवून सराव करा आधी.

उरलेला अर्धा स्टार कापलाय तो त्या गवताच्या वासाचा आणि आरतीचा.

नवरा तिसऱ्या महिन्यात पलंगावर परत आला. आधी दोन दिवस बिचकत कडेला झोपला, मग नीट. आमच्या दोघांच्या पायांच्या मध्ये एक लांब उशी आडवी टाकलेली असते, ती अजून त्याने काढलेली नाहीये, मीही काढ म्हटलेलं नाही, कारण मागच्या मंगळवारी वहीत सात लिहिलाय.